उडती मोटार: शहरातल्या रोजच्या प्रवासात ती का येत नाही?



दिल्लीचा रिंग रोड असो, बंगळुरूचा सिल्क बोर्ड चौक असो की मुंबईचा पश्चिम द्रुतगती मार्ग, वाहतूक कोंडीत अडकलेल्या माणसाच्या मनात एक विचार हमखास येतो: ही गाडी इथूनच वर उचलली असती तर? अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांच्या यादीतही दरवर्षी कोणता तरी गट 'उडती मोटार' हा विषय घेऊन येतो. विषय उत्तम आहे. मात्र त्यावर काम करण्याआधी अडचण नेमकी कुठे आहे, हे आकड्यांत मांडता आले पाहिजे. या पाठात आपण तेच करणार आहोत. बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र त्यासाठी पुरेसे आहे.

पाठाच्या शेवटी तुम्हाला पुढील गोष्टी सांगता याव्यात: हवेत तरंगायला किती शक्ती लागते, बॅटरी किती वेळ पुरते, आवाज आणि सुरक्षितता या अटी इतक्या कडक का असतात, आणि शहराची गर्दी कमी करण्यासाठी हे वाहन कितपत उपयोगी आहे.

१. 'उडती मोटार' म्हणजे नक्की काय?

या एका नावाखाली दोन वेगळी वाहने येतात. त्यांची सरमिसळ केली की चर्चा भरकटते.

पहिला प्रकार म्हणजे रस्त्यावर चालू शकणारे विमान. याला पंख असतात, ते घडी करून किंवा काढून ठेवता येतात, आणि उडण्यासाठी धावपट्टी लागते.

दुसरा प्रकार म्हणजे विजेवर चालणारे, जागच्या जागी उभे वर उडणारे विमान. याला अनेक लहान पंखे असतात. हे रस्त्यावर चालत नाही. 'एअर टॅक्सी' म्हणून ज्याच्या बातम्या येतात ते हेच.

लोकांच्या मनातली उडती मोटार मात्र तिसरीच असते. ती घराच्या दारातून निघते, रस्त्यावर धावते, हवे तेव्हा उभी वर उडते आणि कचेरीच्या आवारात उतरते. या तिन्ही गुणांची मागणी एकाच वाहनाकडे केली की खरी अडचण सुरू होते.

२. शंभर वर्षांचे प्रयत्न

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत ग्लेन कर्टिस यांनी १९१७ मध्ये 'ऑटोप्लेन' प्रदर्शनात मांडले होते. मोल्टन टेलर यांची 'एअरोकार' १९४९ मध्ये उडाली आणि १९५६ मध्ये तिला अमेरिकी नागरी विमान वाहतूक खात्याचे प्रमाणपत्रही मिळाले. तिचे पंख आणि शेपटी काढून मोटारीच्या मागे ट्रेलरसारखी ओढत नेता येत. तरीही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच एअरोकार बनल्या. १९७३ मध्ये फोर्ड पिंटो मोटारीला सेस्ना विमानाचे पंख जोडून बनवलेल्या 'मायझर'च्या चाचणीत अपघात झाला आणि तिचे निर्माते हेन्री स्मोलिन्स्की व हॅरोल्ड ब्लेक दोघेही त्यात गेले.

अलीकडचे उदाहरण स्लोव्हाकियाचे आहे. श्टेफान क्लाइन यांची 'एअरकार' २८ जून २०२१ रोजी नित्राहून ब्रातिस्लाव्हाला सुमारे ३५ मिनिटांत उडत गेली, उतरल्यावर पंख मिटले आणि ती रस्त्याने शहरात गेली. जानेवारी २०२२ मध्ये तिला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे पहिल्या प्रकारचे वाहन बनू शकते, हे सिद्ध झालेले आहे. पण त्याला सुमारे ३०० मीटर धावपट्टी लागते. ती तुमच्या सोसायटीच्या आवारात नसते. सिग्नलला अडकलेली एअरकार तिथून उडू शकत नाही, तिला आधी कोंडीतून वाट काढत विमानतळ गाठावा लागतो.

म्हणून शहरासाठी उभे उड्डाण हवे. आणि उभ्या उड्डाणाची किंमत मोठी आहे. ती किती, ते आता काढू.

३. तरंगण्यासाठी लागणारी शक्ती

रस्त्यावरच्या मोटारीचे वजन रस्ता पेलतो. त्यासाठी इंजिनाला काही खर्च करावा लागत नाही. इंजिन फक्त टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध यांच्याशी झगडते. १००० किलोग्रॅमची छोटी मोटार सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जात असताना हा एकूण विरोध साधारण २३५ न्यूटन असतो. वेग सेकंदाला १६.७ मीटर. दोन्हींचा गुणाकार केला की चाकांवर लागणारी शक्ती मिळते: सुमारे ४ किलोवॅट.

आता तेवढेच १००० किलोग्रॅम वजन हवेत स्थिर धरायचे आहे. हवेत रस्ता नाही. पंख्याने हवा खाली ढकलायची आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तिची प्रतिक्रिया वर मिळवायची, एवढाच मार्ग आहे.

पंख्यांचे एकूण क्षेत्रफळ, हवेची घनता आणि पंख्याच्या पातळीतून जाणाऱ्या हवेचा वेग यांचा गुणाकार म्हणजे दर सेकंदाला खाली जाणाऱ्या हवेचे वस्तुमान. ही हवा खाली गेल्यावर तिचा वेग पंख्याजवळच्या वेगाच्या दुप्पट होतो (बर्नुलीच्या समीकरणावरून हे सिद्ध करता येते). म्हणून

वर ढकलणारे बल = २ × घनता × क्षेत्रफळ × (हवेचा वेग)²

हे बल वजनाइतके हवे. त्यावरून

हवेचा वेग = √[ वजन ÷ (२ × घनता × क्षेत्रफळ) ]
लागणारी शक्ती = वजन × हवेचा वेग

ही आदर्श शक्ती झाली. पात्यांवरचे घर्षण, मोटर आणि वायरिंगमधले नुकसान धरले तर एकूण कार्यक्षमता ७० टक्क्यांच्या आसपास मानता येते. वजन १०,००० न्यूटन आणि घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर घेऊन तीन वाहने तपासू.

(क) मोटारीच्या आकारात मावणारे पंखे, क्षेत्रफळ ८ चौरस मीटर: हवेचा वेग २२.८ मीटर प्रति सेकंद, आदर्श शक्ती २२८ किलोवॅट, प्रत्यक्ष सुमारे ३२६ किलोवॅट.

(ख) एअर टॅक्सीसारखे पसरलेले पंखे, २० चौरस मीटर: वेग १४.४ मीटर प्रति सेकंद, आदर्श शक्ती १४४ किलोवॅट, प्रत्यक्ष सुमारे २०६ किलोवॅट.

(ग) हेलिकॉप्टरसारखा एक मोठा रोटर, ८० चौरस मीटर (व्यास सुमारे १० मीटर): वेग ७.२ मीटर प्रति सेकंद, आदर्श शक्ती ७२ किलोवॅट, प्रत्यक्ष सुमारे १०३ किलोवॅट.

रस्त्यावर ४ किलोवॅट, आणि मोटारीच्या आकारात नुसते तरंगायला ३२६ किलोवॅट. म्हणजे ८० पट, तेही एक मीटरसुद्धा पुढे न जाता.

या आकड्यांतून एक महत्त्वाची गोष्ट दिसते. शक्ती कमी करायची तर क्षेत्रफळ वाढवावे लागते. क्षेत्रफळ वाढवले की वाहन रस्त्याच्या लेनमध्ये, पार्किंगमध्ये, गल्लीत मावत नाही. हेलिकॉप्टरचा रोटर एवढा मोठा का असतो, याचे उत्तर हेच. लोकांच्या मनातली सुटसुटीत उडती मोटार या समीकरणाच्या सर्वांत महागड्या टोकाला बसलेली आहे. मोटर किंवा नियंत्रक कितीही सुधारले, तरी वरच्या समीकरणातली आदर्श शक्ती टाळता येत नाही.

४. बॅटरीचा हिशेब

पेट्रोलच्या एका किलोग्रॅममध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते. इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली तरी ३ किलोवॅट-तास कामाला येतात. लिथियम-आयन बॅटरीचा सुटा सेल किलोग्रॅममागे साधारण ०.२५ किलोवॅट-तास देतो. त्याला पेटी, थंड ठेवण्याची व्यवस्था आणि आगीपासूनचे संरक्षण जोडले की पूर्ण पॅकसाठी हा आकडा ०.१८ च्या आसपास येतो. उपयुक्त ऊर्जेत अजूनही १५ ते २० पटींचा फरक आहे.

आपल्या १००० किलोग्रॅमच्या वाहनात ३०० किलोग्रॅमची बॅटरी बसवू. (दोन माणसे आणि सांगाडा यांना उरलेल्या ७०० मध्ये बसवायचे आहे.) ३०० × ०.१८ = ५४ किलोवॅट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करता येत नाही. ८० टक्के वापरली तर सुमारे ४३ किलोवॅट-तास हाती येतात. वाहन (ख) नुसते तरंगत राहिले तर ही ऊर्जा साडेबारा मिनिटांत संपते. वाहन (क) आठच मिनिटे टिकते.

म्हणूनच बहुतेक गंभीर रचनांना पंख असतात. उभे उडायचे, मग पंखांवर भार टाकून विमानासारखे पुढे जायचे. पंखांची लिफ्ट आणि ड्रॅग यांचे गुणोत्तर १० धरले, तर १०,००० न्यूटन वजनासाठी फक्त १,००० न्यूटन विरोध जिंकावा लागतो. ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेगाने त्याला ५० किलोवॅट लागतात. ७५ टक्के कार्यक्षमतेने ते ६७ किलोवॅट होतात.

आता ४५ किलोमीटरचा प्रवास मांडू.

उड्डाण आणि उतरणे मिळून २ मिनिटे तरंगणे: ६.९ किलोवॅट-तास
१५ मिनिटे पुढे जाणे: १६.७ किलोवॅट-तास
राखीव २० मिनिटे: २२.३ किलोवॅट-तास
एकूण: ४५.९ किलोवॅट-तास

हातात आहेत ४३. म्हणजे उड्डाण बसत नाही.

राखीव वेळ कशासाठी? उतरण्याची जागा अचानक बंद झाली, पुढे वादळ आले, तर दुसरीकडे जाता आले पाहिजे. अमेरिकेच्या नियमांत दृश्य उड्डाणासाठी हेलिकॉप्टरला २० मिनिटांचे राखीव इंधन लागते. आपल्या हिशेबात पुढे जाण्याच्या ऊर्जेपेक्षा राखीव साठाच मोठा झाला आहे. लहान पल्ल्याच्या प्रत्येक विद्युत विमानाची ही अडचण आहे.

आणखी दोन मुद्दे लक्षात ठेवा. इंधन जळत जाते तसे विमान हलके होते, बॅटरी मात्र शेवटपर्यंत तितकीच जड राहते. दुसरे म्हणजे उतरताना पुन्हा २०६ किलोवॅट लागतात, आणि त्या वेळी बॅटरी सर्वांत रिकामी असते, तिचे व्होल्टेज खाली आलेले असते. तुमच्या मोबाइलची बॅटरी १५ टक्क्यांवर असताना कॅमेरा उघडला की तो कधी कधी एकदम बंद पडतो. तसाच प्रसंग जमिनीपासून ३० मीटरवर आला तर चालणार नाही.

५. रस्ता आणि आकाश यांच्या उलट मागण्या

मोटार टक्कर सोसण्यासाठी बांधलेली असते: बंपर, दारांतल्या पोलादी पट्ट्या, एअरबॅग, जाड टायर, खड्डे झेलणारे सस्पेन्शन. विमानात प्रत्येक ग्रॅम वाचवायचा असतो. दोन्ही प्रमाणपत्रे हवी असतील तर दोन्हींचे वजन एकाच वाहनाला वाहावे लागते. परिणामी ते जड मोटार आणि संथ विमान होते.

देखभालीचाही प्रश्न आहे. पार्किंगमध्ये कोणीतरी बंपरला हलका धक्का दिला तर आपण बोटाने ओरखडा पुसतो आणि निघतो. विमानाच्या पंखाला तसा धक्का बसला तर परवानाधारक देखभाल अभियंत्याने तपासल्याशिवाय ते उडू शकत नाही, कारण वरून न दिसणारी भेग आत असू शकते. पावसाळ्यातले खड्डे, स्पीडब्रेकर आणि चिखल रोज झेललेला सांगाडा संध्याकाळी उडण्यायोग्य आहे, याची खात्री दररोज कोण देणार?

६. हवामान: भारतातली परीक्षा

समीकरणात हवेची घनता छेदात आहे. घनता कमी झाली की शक्ती वाढते. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानाला घनता १.२२५ असते. बंगळुरू सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तिथे ३५ अंश तापमानाला ती सुमारे १.०३ होते, आणि तरंगायला साधारण ९ टक्के जास्त शक्ती लागते. ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये उन्हाळ्यातही ही वाढ २५ टक्क्यांच्या घरात जाते. त्याच वेळी उष्णतेमुळे बॅटरी आणि मोटर थंड ठेवणे कठीण होते. मे महिन्यातल्या दिल्लीत किंवा नागपुरात दोन्ही अडचणी एकदम येतात.

रोजच्या प्रवासाचे साधन रोज चालले पाहिजे. उत्तर भारतातले डिसेंबर-जानेवारीतले धुके, कोकण आणि केरळातला पावसाळा, वळवाच्या पावसाआधीचा सोसाट्याचा वारा, राजस्थानातली धुळीची वादळे, यांत किती दिवस उड्डाणे बंद राहतील? उंच इमारतींच्या मधल्या पट्ट्यात वारा भोवऱ्यासारखा फिरतो, आणि नेमके तिथेच वाहन सर्वांत हळू व जमिनीजवळ असते. त्यात विजेच्या तारा, मोबाइल टॉवर, घारींचे थवे आणि संक्रांतीच्या दिवसांत अहमदाबादच्या आकाशातल्या पतंगांचा मांजा जोडा. मोठमोठे हवाई अड्डे यापासून दूर मोकळी जागा राखून ठेवतात. शहराच्या मध्यावर ती चैन नाही.

उतरताना आणखी एक धोका असतो. वाहन आपणच खाली ढकललेल्या हवेत वेगाने उतरू लागले तर पंख्याभोवती हवेचे वलय तयार होते आणि वर ढकलणारे बल एकदम कमी होते. म्हणून सरळ खाली उतरणे सावकाश करावे लागते. म्हणजेच जास्त वेळ, जास्त ऊर्जा.

७. खालच्या माणसांना काय सोसावे लागेल?

आतापर्यंत आपण वाहनात बसलेल्यांचा विचार केला. खाली राहणाऱ्यांची संख्या कितीतरी जास्त आहे.

वारा: पंख्याखाली हवेचा वेग दुप्पट होतो, हे आपण पाहिले. वाहन (क) खाली तो सेकंदाला सुमारे ४५ मीटर, म्हणजे ताशी १६० किलोमीटरपेक्षा जास्त होतो. वाहन (ख) खाली ताशी सुमारे १०० किलोमीटर. भाजीची हातगाडी, पत्र्याचे छप्पर, वाळत घातलेले कपडे, रस्त्याकडेची वाळू, सगळे उडेल. गल्लीत किंवा चौकात उतरणे त्यामुळेच शक्य नाही.

आवाज: आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. समजा एका वाहनाचा आवाज १०० मीटरवर ६५ डेसिबल आहे. हेलिकॉप्टरच्या मानाने हे फार शांत वाहन झाले. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणून २०० मीटरवर ५९ आणि ४०० मीटरवर ५३. एक वाहन चालून जाईल. पण एकाच वेळी दहा वाहने तेवढ्याच अंतरावर असतील तर १० डेसिबल वाढतात आणि आकडा ६३ वर जातो. 'रोजचा प्रवास' म्हणजे दहा नव्हे, हजारो वाहने. शिवाय रस्त्याचा आवाज इमारतीच्या मागच्या बाजूला अडतो, वरून येणारा आवाज कुठेच अडत नाही.

८. सुरक्षितता: आकड्यांची जात वेगळी

मोटार बंद पडली तर आपण ती कडेला घेतो. आकाशात कड नाही. हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले तर मोठा रोटर वाऱ्याने फिरत राहतो आणि कुशल वैमानिक त्याच्या आधारे उतरू शकतो. लहान, स्थिर कोनाच्या पात्यांच्या अनेक पंख्यांना ही सोय नसते. तिथे जास्तीच्या मोटरी, स्वतंत्र बॅटऱ्या आणि पॅराशूट यांवर भिस्त असते. एक-दोन पंखे बंद पडूनही उडत राहता येणे हा या रचनेचा खरा फायदा आहे. मात्र पॅराशूट उघडायला पुरेशी उंची लागते, आणि अनेक अपघात उड्डाण-उतरण्याच्या वेळी, जमिनीजवळच होतात.

आता एक साधा हिशेब. समजा एका महानगरात १,००,००० उडत्या मोटारी आहेत आणि प्रत्येक रोज एक तास उडते. वर्षाला ३.६५ कोटी उड्डाण-तास झाले. अमेरिकेतल्या खासगी व छोट्या विमानांच्या वाहतुकीत साधारण एक लाख तासांमागे एक प्राणघातक अपघात होतो. हाच दर लावला तर वर्षाला ३६५ प्राणघातक अपघात, म्हणजे एका शहरात रोज एक. युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने शहरावरून प्रवासी नेणाऱ्या अशा वाहनांसाठी घातलेली अट म्हणूनच फार कडक आहे: विनाशकारी बिघाडाची शक्यता तासाला एक अब्जांशापेक्षा कमी. त्या दराने याच शहरात सुमारे २७ वर्षांत एक असा बिघाड होईल. दोन आकड्यांमध्ये दहा हजार पटींचे अंतर आहे. प्रयोगशाळेत उडणारे मॉडेल आणि प्रमाणपत्र मिळालेले वाहन यांच्यात दहा-दहा वर्षे आणि प्रचंड पैसा का जातो, हे त्या अंतरावरून समजते.

हा प्रश्न कागदावरचा नाही. न्यूयॉर्कमध्ये पॅन अ‍ॅम इमारतीच्या गच्चीवरून विमानतळापर्यंत हेलिकॉप्टर सेवा चालत असे. १६ मे १९७७ रोजी गच्चीवर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरचा उतरण-सांगाडा धातूच्या थकव्यामुळे मोडला. ते कलंडले, फिरणारी पाती मोडली आणि गच्चीवरची चार माणसे गेली. पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर पडला आणि तिथून पायी जाणारी एक स्त्री गेली. तिने तिकीट काढलेले नव्हते. उड्डाणाशी तिचा काही संबंधच नव्हता. तो गच्चीवरचा तळ त्यानंतर कायमचा बंद झाला. उडत्या वाहनाची रचना करताना तुम्ही या पाचव्या व्यक्तीसाठीही जबाबदार असता, हे विसरू नका.

९. गर्दी कमी होईल का?

उतरण्याच्या एका तळावर एक वाहन उतरणे, माणसे उतरवणे, नवी घेणे आणि उडणे याला चार मिनिटे धरली, तर तासाला १५ वाहने होतात. प्रत्येकी चार प्रवासी धरले तर तासाला ६० माणसे. मुंबईची बारा डब्यांची एक लोकल गर्दीच्या वेळी सुमारे ४,००० माणसे सहज नेते. त्या एका लोकलची माणसे एका तासात हलवायची तर असे ६० पेक्षा जास्त तळ लागतील. आणि लोकल काही मिनिटांनी पुन्हा येते.

वेळ तरी वाचतो का? बंगळुरूच्या महात्मा गांधी रस्त्यापासून केंपेगौडा विमानतळ रस्त्याने सुमारे ३५ किलोमीटर आहे. गर्दीत ७५ मिनिटे धरू. हवाई मार्गाने: तळापर्यंत पोहोचणे १५ मिनिटे, तपासणी, प्रतीक्षा आणि बसणे १५, उड्डाण १३, उतरून बाहेर पडणे १०. एकूण ५३ मिनिटे. बचत २२ मिनिटांची. हाच हिशेब ८ किलोमीटरच्या कचेरीच्या प्रवासाला लावा: १० + १५ + ६ + १० = ४१ मिनिटे. तेवढ्या वेळात रस्त्यानेही पोहोचता येते. शहरातले बहुतेक रोजचे प्रवास याच लांबीचे असतात, आणि तिथे उडण्याचा फायदाच उरत नाही.

आकाशातल्या वाहतुकीचे नियंत्रण हा आणखी एक विषय आहे. आजचे हवाई वाहतूक नियंत्रक माणसांशी बोलून मर्यादित विमाने सांभाळतात. हजारो वाहने सांभाळायला स्वयंचलित यंत्रणा हवी. उंच इमारतींमध्ये जीपीएसचे संकेत परावर्तित होऊन स्थान चुकते, त्यालाही उपाय हवा. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाची हिरवी, पिवळी आणि लाल क्षेत्रे ठरवली, पण माणसे नेणाऱ्या वाहनाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची स्वतंत्र प्रमाणपत्रे लागतात.

१०. मग हे सगळे व्यर्थ आहे का?

नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनने 'ईहँग' कंपनीच्या १६ पंख्यांच्या, वैमानिक नसलेल्या दोन आसनी वाहनाला प्रकार-प्रमाणपत्र दिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेची 'आर्चर' आणि भारतातील 'इंटरग्लोब' यांनी दिल्लीच्या कॅनॉट प्लेसहून गुरुग्रामला सात मिनिटांत नेण्याची योजना जाहीर केली. दुसरीकडे, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेण्याचा जर्मनीच्या 'व्होलोकॉप्टर'चा बेत प्रमाणपत्राअभावी राहिला आणि त्या वर्षाअखेर त्या कंपनीने, तसेच 'लिलियम' कंपनीनेही, दिवाळखोरीचा अर्ज केला. क्षेत्र जिवंत आहे, पण घोषणांचे वेळापत्रक आणि भौतिकशास्त्राचे वेळापत्रक वेगळे आहे.

जिथे फेऱ्या थोड्या आणि प्रत्येक मिनिटाची किंमत मोठी, तिथे ही वाहने आधी उपयोगी पडतील: प्रत्यारोपणाचा अवयव नेणे, पुरात वेढलेल्या गावात डॉक्टर पोहोचवणे, डोंगराळ भागातून अत्यवस्थ रुग्ण आणणे, बेटांवर जाणे. तुमच्या शहरात कोणी उडत्या मोटारींसाठी सार्वजनिक जमीन किंवा पैसा मागितला, तर तिथे तासाला किती माणसे जातील आणि त्याच पैशात किती बस येतील, हे दोन प्रश्न आधी विचारा. ते विचारायला अभियंता असावेच लागते असे नाही, पण उत्तर तपासायला तुम्ही तयार असायला हवे.

सारांश

• उभ्या उड्डाणाची शक्ती पंख्यांच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. लहान आकार म्हणजे प्रचंड शक्ती.
• बॅटरीचा मोठा वाटा राखीव वेळेसाठी जातो, त्यामुळे पल्ला छोटा राहतो.
• रस्त्याच्या आणि आकाशाच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत.
• आवाज, वारा आणि अपघात यांचा भार खाली राहणाऱ्यांवरही पडतो.
• लहान प्रवासात वेळ वाचत नाही, आणि वाहतुकीची क्षमता रेल्वे-बसच्या तुलनेत फार थोडी आहे.

स्वाध्याय

१. पॅकची ऊर्जा-घनता किलोग्रॅममागे ०.१८ ऐवजी ०.३६ किलोवॅट-तास झाली, तर विभाग ४ मधील वाहनाचा पल्ला, तेच राखीव धरून, किती होईल? पल्ला दुप्पट होतो की त्याहून जास्त? कारण द्या.
२. वाहनाचे वजन दुप्पट आणि पंख्यांचे क्षेत्रफळ तेवढेच ठेवले, तर तरंगण्याची शक्ती किती पट होईल?
३. तुमच्या घरापासून महाविद्यालयापर्यंतच्या प्रवासाचा दारापासून दारापर्यंतचा हिशेब विभाग ९ प्रमाणे मांडा. किती किलोमीटरच्या पुढे हवाई प्रवास फायद्याचा ठरतो?
४. तुमच्या शहरात तळासाठी एक जागा सुचवा. ४०० मीटरच्या परिघात कोणत्या शाळा, रुग्णालये आणि वस्त्या येतात, त्याची यादी करा आणि तिथल्या आवाजाचा अंदाज काढा.